पाऊस मोजणारांचें जाळें



पावसाळ्यांत दोन माणसें भेटलीं कीं "तुमच्याकडे पाऊस किती?" हा प्रश्न ठरलेलाच. त्यांतला "तुमच्याकडे" हा शब्द आपण सहज उच्चारतों. पण माझ्या आजच्या भाषणाचें सारें बीज त्या एका शब्दांत आहे. पाऊस किती पडला, हें विचारणें फार जुनें आहे. तो नेमका कोठें व केव्हां पडला, आणि ती वार्ता पुढच्या गांवीं पावसाच्या आधीं पोंचली कीं नाहीं, हें विचारणें त्या मानानें अगदीं अलीकडचें. मी शास्त्रज्ञ नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकून मुलांना भूगोल व गणित शिकविण्यांत हयात घालविलेला एक निवृत्त मास्तर आहें. परंतु कांहीं वर्षें एका पर्जन्यमापकाची वही माझ्याकडे होती, आणि त्या वहींत माझ्या हातून एक लबाडीही घडली. ती पुढें सांगेन.

आरंभ घरचाच करूं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कोठारापाशीं पाऊस मोजण्यासाठीं एक कुंड ठेवावें असें सांगितलें आहे. त्याचें तोंड एक अरत्नि, म्हणजे सुमारें हातभर, रुंद असावें. त्याच ग्रंथांत निरनिराळ्या प्रदेशांचें पर्जन्यमान द्रोण या मापानें दिलें आहे. कोरड्या जांगल प्रदेशास सोळा द्रोण, अवंतीस तेवीस. आणि अपरांताचा, म्हणजे आपल्या कोंकणाचा, पाऊस मात्र ग्रंथकारानें मोजमापापलीकडचा ठरवून सोडून दिला आहे! चिपळूण-दापोलीकडील श्रोत्यांस हें ऐकून नवल वाटणार नाहीं. मोजण्याचा हेतुही तेथें उघड आहे: कोठें काय पेरावें आणि पीक किती धरावें. पण त्या कुंडांतला आंकडा त्या कोठाराशींच राहत असे. उज्जयिनीच्या कुंडानें पैठणच्या कुंडास कांहीं कळवावें, अशी सोय नव्हती आणि कल्पनाही नव्हती.

आतां माझी वही. १९८४ सालीं मी देशावरील एका तालुक्याच्या गांवीं नोकरीस होतों. शाळेच्या पटांगणांत ध्वजस्तंभापासून कांहीं अंतरावर एक पर्जन्यमापक पुरलेलें होतें. ज्यांनीं तें पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं सांगतों: पांच इंच व्यासाचें एक नरसाळें, त्याखालीं बाटली, भोंवतीं एक नळकांडें, आणि नरसाळ्याचा कांठ जमिनीपासून बरोबर तीस सेंटिमीटर उंच. रोज सकाळीं साडेआठ वाजतां बाटलींतलें पाणी मोजपात्रांत ओतावयाचें आणि मिलिमीटर वहींत लिहावयाचे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. क्षेत्रफळ व घनफळ यांचें नातें मुलांच्या डोक्यांत उतरविण्यास त्याहून चांगलें साधन मला मिळालें नाहीं. या नमुन्यास सायमन्सचें नांव आहे. जॉर्ज सायमन्स या इंग्रज गृहस्थानें १८६० सालापासून आपल्या देशांतील हौशी मंडळींस पाऊस मोजण्यास लावलें. १९०० सालीं तो वारला तेव्हां अशा मोजणारांची संख्या तीन हजारांवर गेली होती. आपल्या परसांतला आंकडा दुसऱ्याच्या परसांतल्या आंकड्याशेजारीं छापला जातो, एवढाच त्यांचा आनंद.

त्या वर्षींच्या जुलैंत पावसानें तीन दिवस झोडपलें. माझी खोली शाळेपासून दूर, मध्यें ओढा. मी तीन सकाळीं गेलों नाहीं. अखेर बाटलींत १२६ मिलिमीटर निघाले. खरें पाहतां "तीन दिवसांचे मिळून" असें वहींत लिहावयास हवें होतें. पण मुख्याध्यापक रागावतील या भीतीनें मीं १२६ ला तिहींनीं भागलें, आणि बेचाळीस, बेचाळीस, बेचाळीस असे सारखे आंकडे संशय आणतील म्हणून ३८, ५१ व ३७ असे ते फोडले. पुढें दोन वर्षांनीं एका पाझर तलावाच्या कामासाठीं एक तरुण अभियंता गांवांत आला आणि एका दिवसांतील सर्वांत मोठा पाऊस कोणता, हें आमच्या वहीवरून उतरून घेऊं लागला. मीं त्याला चहा दिला. त्या तीन ओळींविषयीं मात्र मी कांहीं बोललों नाहीं.

आणखी एक गोष्ट त्याच सुमारास घडली. कवायतीस जागा हवी म्हणून तें यंत्र पटांगणांतून उचलून कुंपणाजवळच्या कडुनिंबाखालीं नेण्यांत आलें. जवळची वस्तु जितकी उंच, तिच्या निदान दुपटीइतक्या अंतरावर पर्जन्यमापक असावें असा दंडक आहे. निंबाखालीं पाऊस अर्थातच कमी भरूं लागला. वहींत या स्थलांतराचा एका शब्दानेंही उल्लेख नाहीं. उद्यां कोणी पदवीधर ती वही उघडून "या तालुक्यांतील पर्जन्यमान १९८६ पासून घटलें" असा सिद्धान्त मांडील, तर दोष त्याचा नाहीं. आंकडा खरा आणि ठिकाण खोटें, असा हा प्रकार.

एका माणसाची वही अशी. मग शंभर माणसांच्या वह्या जुळवावयाच्या म्हणजे केवढें काम! युरोपांत त्याचा पहिला मोठा प्रयत्न फ्लॉरेन्सचा ग्रँड ड्यूक दुसरा फर्डिनांड यानें १६५४ सालीं केला. तो १६६७ पर्यंत चालला. त्याहून पद्धतशीर उद्योग मॅनहाइम येथील संस्थेचा. तेथील राजा कार्ल थिओडोर यानें १७८० सालीं ती स्थापिली, आणि तिचा चिटणीस हेमर यानें उरल पर्वतापासून ग्रीनलंडपर्यंतच्या ठिकाणीं एकाच जातीचीं, एकमेकांशीं ताडून पाहिलेलीं यंत्रें पाठविलीं. सर्वांनीं सकाळीं सात, दुपारीं दोन व रात्रीं नऊ वाजतां नोंद करावयाची. एक यंत्र, एक वेळ, एक नमुना: जाळें म्हणतात तें याला. युद्धाच्या धामधुमींत १७९५ च्या सुमारास ती संस्था मोडली, पण वह्या राहिल्या. आणि ब्रांडेस या जर्मन पंडितानें त्या वह्यांवरून १७८३ सालच्या हवामानाचे नकाशे काढले तेव्हां १८२० साल उजाडलें होतें! वादळें युरोपावरून कशीं सरकत जातात हें त्याला दिसलें; परंतु तीं वादळें पाहणारीं माणसें तोंपर्यंत म्हातारीं झालीं होतीं.

याचें कारण साधें होतें. वाऱ्याहून जलद जाणारा निरोप्या माणसाजवळ नव्हता. १८४४ सालीं मोर्सनें वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तार पाठविली, आणि तो निरोप्या मिळाला. १८४९ पासून स्मिथ्सोनियन संस्थेच्या जोसेफ हेन्रीनें तारमास्तरांशीं संधान बांधलें. गांवोगांवचे तारमास्तर आपल्या गांवची हवा कळवूं लागले, आणि पुढें संस्थेच्या दिवाणखान्यांत एका मोठ्या नकाशावर त्या त्या गांवीं रंगीत चकत्या अडकविल्या जाऊं लागल्या. कोठें पाऊस, कोठें ढग, कोठें ऊन, हें पाहण्यास लोक येत. आज आपण हातांतल्या मोबाइलवर बोट फिरवून जें पाहतों, त्याचा हा पणजोबा.

पण कौतुक निराळें आणि गरज निराळी. गरज युद्धानें पटविली. १४ नोव्हेंबर १८५४ रोजीं क्रिमियांत बालाक्लाव्हा बंदराशीं झालेल्या वादळांत इंग्रज व फ्रेंच आरमारांचीं अनेक जहाजें बुडालीं. नेपच्यून ग्रहाचें स्थान गणितानें सांगणारा ल व्हेरिए हा फ्रेंच ज्योतिषी. त्याच्याकडे चौकशी आली. त्यानें युरोपभरच्या नोंदी मागवून दाखविलें कीं, तें वादळ आधीं युरोप ओलांडून आलें होतें. तारयंत्रें जोडलेलीं असतीं तर आरमारास आगाऊ कळतें.

इंग्लंडांत हेंच काम रॉबर्ट फिट्झरॉय करूं पाहत होता. डार्विनला घेऊन जगाची फेरी करणाऱ्या बीगल जहाजाचा हा कप्तान १८५४ सालीं सरकारच्या नव्या हवामान विभागाचा मुख्य झाला. ऑक्टोबर १८५९ मध्यें ऑस्ट्रेलियाहून सोनें घेऊन येणारें रॉयल चार्टर नांवाचें जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर, घर दिसूं लागलें असतां, फुटलें. साडेचारशेंच्या आसपास माणसें गेलीं. फिट्झरॉयनें किनाऱ्यावरील ठिकाणांहून रोज तारेनें वायुभाराचे व वाऱ्याचे आंकडे मागविण्यास आरंभ केला, आणि फेब्रुवारी १८६१ पासून वादळाचा संभव दिसतांच बंदरांना तार जाऊं लागली. बंदरावर डोलकाठीवर कापडी शंकु व ढोल चढवीत. शिकलेल्या-अशिकलेल्या सर्वांस तो दुरून दिसे. कोंकणच्या कोळ्यांस "तीन नंबरचा बावटा" म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. त्याचें कूळ हें असें आहे. त्याच वर्षीं ऑगस्टपासून टाइम्स पत्रांत तो उद्यांच्या हवेचा अंदाजही छापूं लागला. मग काय विचारतां! अंदाज चुकला कीं टवाळी. गलबतांचे मालक म्हणूं लागले, बावटा लागला कीं आमचे लोक समुद्रावर जात नाहींत, आमचा दिवस बुडतो. शास्त्रज्ञ म्हणूं लागले, याच्या अंदाजास सिद्धान्ताचा आधार नाहीं. थोड्याशा ठिकाणांच्या आंकड्यांवर, आणि पश्चिमेकडे नुसता अथांग समुद्र असतां, त्या माणसानें आणखी काय करावयाचें होतें? कर्ज आणि खिन्नता यांनीं ग्रासलेल्या फिट्झरॉयनें ३० एप्रिल १८६५ रोजीं आपल्या हातानें आपला अंत केला. पुढच्या वर्षीं एका चौकशी समितीच्या अहवालानंतर सूचना बंद झाल्या. आणि बंदरांतून एवढी ओरड झाली कीं १८६७ सालीं त्या पुन्हां सुरू कराव्या लागल्या. हवामान खात्याची थट्टा करणें हा आपल्याकडेही पावसाळी करमणुकीचा एक प्रकार आहे. ती करतांना मला हा माणूस आठवतो.

आपल्या देशांत जाग संकटानेंच आली. ५ ऑक्टोबर १८६४ रोजीं कलकत्त्यावर चक्रीवादळ आलें. वारा आणि हुगळींत चढलेली समुद्राची लाट यांत सुमारें साठ हजार माणसें दगावलीं. महिन्याच्या आंतच मच्छलीपट्टणवर दुसरें आदळलें. १८६५ त कलकत्ता बंदरांत धोक्याच्या सूचना देण्याची व्यवस्था झाली. १८६६ त ओरिसाचा भयंकर दुष्काळ पडला. अखेर १८७५ सालीं सबंध हिंदुस्थानासाठीं हवामान खातें निघालें व हेन्री ब्लॅनफोर्ड त्याचा मुख्य झाला. प्रांतोप्रांतीं निरनिराळ्या वेळीं, निरनिराळ्या उंचीवर व निरनिराळ्या रीतीनें होणारीं मोजमापें एका शिस्तींत आणणें हें त्याचें पहिलें काम. आणि वर्ष उलटतें न उलटतें तोंच १८७६ चा दुष्काळ दक्षिणेवर कोसळला. हिमालयावर बर्फ अधिक पडला कीं पुढचा मोसमी पाऊस दुबळा होतो, असा संबंध ब्लॅनफोर्डनें लावला, आणि १८८६ पासून मोसमाचा अंदाज रीतसर देण्यास प्रारंभ झाला.

मुंबईस याच्या फार आधींपासून वेध घेतले जात होते. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची. १८४१ पासून तेथें आर्थर ऑर्लेबार यांच्या देखरेखीखालीं पृथ्वीचें चुंबकत्व व हवामान यांचीं मोजमापें नियमानें होऊं लागलीं, आणि त्यांच्या हाताखालीं एक तरुण मराठी मदतनीस काम करीत होता. तोच पुढें पुण्यास प्राध्यापक होऊन केरूनाना छत्रे या नांवानें प्रसिद्ध झाला व लोकमान्य टिळकांसारख्या शिष्यांचा गणिताचा गुरु ठरला. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें. विजेच्या प्रवाहानें चुंबकसूची थरथरणार, म्हणून चुंबकीय वेधशाळा अलिबागेस हलविण्यांत आली. अलिबागची इमारत पोरबंदरी दगडाची, लोखंडाचा स्पर्श टाळून बांधलेली. परंतु मला त्याहून महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट: १९०४ ते १९०६ अशीं दोन वर्षें कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं मोजमाप करून जुन्या व नव्या आंकड्यांची सांगड घालण्यांत आली, आणि मगच कुलाब्याचें काम थांबलें. आमच्या शाळेंतलें पर्जन्यमापक एका शिपायानें एका दुपारीं उचललें होतें! केरूनानांचें जन्मगांव नागांव हें अलिबागच्या शेजारचेंच, हा एक गोड योगायोग.

१९०४ सालीं खात्याचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती. हवामानशास्त्राचा त्यांना पूर्वानुभव नव्हता. हिंदुस्थानचा पाऊस हिंदुस्थानांत बसून कळणार नाहीं, हें त्यांनीं ओळखलें. जगभरच्या केंद्रांचे वायुभार, तपमान व पाऊस यांचे वर्षानुवर्षांचे आंकडे मागवून हिंदी कारकुनांच्या तांड्याकडून त्यांनीं हातानें गणितें करविलीं. त्या डोंगरांतून एक विलक्षण हेलकावा सांपडला: पॅसिफिक महासागरावर वायुभार चढला कीं हिंदी महासागरावर उतरतो, आणि उलट. १९२४ च्या सुमारास त्यांनीं त्यास दक्षिणी आंदोलन असें नांव दिलें. या आंदोलनाचा आणि पेरूच्या किनाऱ्यापाशीं समुद्र तापण्याच्या एल निन्योचा सांधा याकोब ब्यर्कनेस यांनीं १९६९ सालीं जुळविला. खात्याचें मुख्य ठाणें १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आलें. पुणेकर ज्या चौकास आजही सिमला ऑफिस म्हणतात त्याचें नांव त्यावरून पडलें. पुढें ठाणें दिल्लीस गेलें, नांव येथेंच राहिलें. रोज त्या चौकांतून जाणाऱ्या किती जणांस हें ठाऊक असेल, कोण जाणे.

इतका वेळ मीं ज्यांचें वर्णन केलें त्या साऱ्या जाळ्यांत प्रत्येक गांठीशीं एक माणूस उभा होता. तो डोळ्यानें पाही, हातानें लिही. आतां माणूस हळूहळू बाजूस होतो. १९२९-३० च्या सुमारास फ्रान्समध्यें ब्यूरो व रशियांत मोल्चानोव्ह यांनीं फुग्याला बांधून वर सोडलेल्या यंत्रास बिनतारी बोलावयास लावलें. ढगांच्या वरची हवा स्वतः आपलें तपमान सांगूं लागली. माणूस जेथें राहूंच शकत नाहीं अशा ठिकाणांचीही उणीव यंत्रांनीं भरून काढली. १९८२-८३ चा प्रचंड एल निन्यो बराच पसरेपर्यंत कोणाच्या ध्यानांत आला नाहीं. मेक्सिकोंतील एल चिचोन ज्वालामुखीच्या धुळीनें उपग्रहांनाही चकविलें होतें. त्यानंतर पॅसिफिक महासागरांत विषुववृत्ताच्या दोहों बाजूंस सुमारें सत्तर तरते संवेदक नांगरून ठेवण्यांत आले. तें काम १९९४ सालीं पुरें झालें. आज आर्गो नांवाचे जवळजवळ चार हजार तरंगते नळे जगाच्या समुद्रांत आहेत. ते एक हजार मीटर खोलीवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनीं दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून वर येतात, आणि पाण्याची उष्णता, खारेपणा व आपलें ठिकाण उपग्रहास कळवून पुन्हां खालीं जातात. आपल्या देशाचेही नळे त्यांत आहेत. त्यांची व्यवस्था हैदराबादेहून होते. फिट्झरॉयच्या पश्चिमेस जो मुका समुद्र होता, तो असा बोलका झाला.

"ठिकाण" कळविणें हें यांतलें निम्में काम, आणि तें जीपीएसच्या उपग्रहांमुळें सोपें झालें. अमेरिकन सरकार सामान्य माणसास मिळणारे संकेत मुद्दाम अंधुक ठेवीत असे; मे २००० मध्यें तो पडदा दूर झाला. त्याचें एक फळ आपल्या मराठी मुलखांतलेंच सांगतों. २००९ सालीं नगर जिल्ह्यांत टाकळी ढोकेश्वर येथें विहिरींत पडलेल्या एका बिबट्यास वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय व वनखात्याची मंडळी यांनीं गळ्यांत जीपीएसचा पट्टा बांधून माळशेज घाटांत सोडलें. पट्टा आपलें ठिकाण मोबाइलच्या संदेशानें कळवी. शांतपणामुळें "आजोबा" असें नांव मिळालेला तो प्राणी वस्त्या, महामार्ग व खाडी ओलांडीत सुमारें सव्वाशें किलोमीटर चालून महिन्याभरांत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानांत पोंचला. बिबट्या जंगलांत राहतो असें मी मुलांना वर्षानुवर्षें शिकवीत आलों होतों. २०११ सालीं वाहनाच्या धडकेनें तो मेला.

आतां २६ जुलै २००५. त्या दिवशीं मुंबईंत असलेल्या माणसास तारीख पुरते. वर्ष सांगावें लागत नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या केंद्रावर ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. शाळेंतलें गणित लावून पाहा: प्रत्येक चौरस मीटरवर ९४४ लिटर, म्हणजे जवळजवळ टनभर पाणी. आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्यास? ७३ मिलिमीटर. अंतर वीस-पंचवीस किलोमीटरांचें. दक्षिण मुंबईंतील कचेऱ्यांत बसलेल्यांना नेहमींचा पाऊस वाटत होता, आणि त्यांचीं मुलें कुर्ला, कलिना, साकीनाका येथें गळ्याइतक्या पाण्यांत होतीं. घरीं निघा कीं थांबा, हें सांगण्यास कोणाजवळ आधार नव्हता. शहरांत चारशेंहून अधिक माणसें गेलीं. त्या वेळीं मुंबईंत डॉप्लर रडार नव्हतें, आणि सर्व शहराच्या वतीनें बोलणारीं मुख्य केंद्रें दोनच. दोन्ही आंकडे खरे होते. मधला प्रदेश मुका होता.

पुढच्या वर्षापासून महानगरपालिकेनें शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापकें बसविण्यास आरंभ केला. अग्निशमन केंद्रें, वॉर्ड कचेऱ्या अशा इमारतींच्या गच्च्यांवर तीं उभीं आहेत. आंत एका आंसावर हेलकावणाऱ्या दोन चिमुकल्या द्रोण्या असतात. एक भरली कीं उलटते आणि दुसरी पुढें येते. प्रत्येक उलटीचा एक विजेचा ठोका, आणि ठोका म्हणजे मिलिमीटरचा ठराविक अंश. ही युक्ति नवी नाहीं. लंडनचें सेंट पॉल मंदिर बांधणारा ख्रिस्तोफर रेन यानें ती सतराव्या शतकांतच योजिली होती. नवें आहे तें हें कीं, ते ठोके मोबाइलच्या वाटेनें दर पंधरा मिनिटांनीं नियंत्रण कक्षांत पोंचतात. मिठी नदीच्या पाण्याची उंची मोजणारीं यंत्रेंही बसलीं. २०२० सालीं हे आंकडे, भरतीचें गणित व जमिनीचा उंचसखलपणा एकत्र करून कोणत्या भागांत किती पाणी चढेल याचा आगाऊ इशारा देणारी आयफ्लोज नांवाची योजना मुंबईस सुरू झाली.

शहराची गोष्ट झाली. खेड्यांत हाच आंकडा निराळ्या कारणासाठीं तोलला जातो. आपल्या राज्यांत २०१७ पासून महसूल मंडळागणिक एक, अशीं दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रें उभीं राहिलीं. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर ती अतिवृष्टि, असा सरकारी संकेत आहे, आणि शेतकऱ्याचे पंचनामे, मदत, विमा यांचा धागा या आंकड्यांशीं बांधलेला असतो. म्हणजे चौसष्ट व सहासष्ट यांच्यामधल्या दोन मिलिमीटरांत एखाद्याच्या पोराची फी असते. यंत्र एका गांवच्या माळावर, आणि मंडळांत गांवें अनेक. ढग कांहीं मंडळाची शींव पाहून बरसत नाहीं.

निवृत्तीनंतर मी गांवीं राहतों. अंगणांत, घराच्या व झाडांच्या उंचीच्या दुपटीहून दूर, सायमन्सचें एक जुनें पर्जन्यमापक मीं पुरलें आहे. रोज साडेआठला स्वतः मोजतों. गेल्या जुलैंत एका सकाळीं माझ्याकडे ६८ भरले, आणि आमच्या मंडळाच्या यंत्रानें ४१ दाखविले. हें यंत्र माझ्या घरापासून मैलभरही नाहीं. लोक चिडले. पावसांत एवढा फरक पडूं शकतो, हें मला २००५ नें शिकविलेलें आहे, म्हणून मी एकदम कोणास दोष दिला नाहीं. तारीख व आंकडे लिहून संबंधित कचेरीस एक पत्र पाठविलें. आठ-दहा दिवसांनीं एक तरुण मोटारसायकलवरून आला. त्यानें यंत्राचें नरसाळें काढलें, तर आंत साळुंकीनें आणलेल्या काड्या व गवत. त्यानें तें साफ केलें, बाटलींतलें मोजलेलें पाणी थेंब थेंब सोडलें, द्रोणीच्या उलट्या मोजल्या, आणि मोबाइलवर दुरुस्तीची तारीख नोंदविली.

"आणि त्या दिवसाचा एकेचाळीस?" मीं विचारलें.

"तो बदलतां येत नाहीं, गुरुजी. फार तर शेरा टाकतां येतो."

"मग टाक बाळा. नरसाळें तुंबलेलें होतें, असा स्पष्ट टाक," मीं म्हटलें, आणि १९८४ च्या जुलैंतील ३८, ५१ व ३७ यांची हकीकत त्याला सांगितली. आजवर ती मीं कोणास सांगितली नव्हती. त्यानें ऐकून घेतली, जरासा हंसला, आणि शेरा लिहावयास बसला.